न दुखलेला पाय

स्टेडियमच्या पश्चिम गॅलरीतली झाडून सगळी माणसं एकाच वेळी उजवा पाय झटकत होती. त्यात काठी टेकत आलेले आजोबा होते, नऊवारीतल्या काकू होत्या, पायऱ्यांवर भडंग विकणारासुद्धा होता. खाली मैदानावर अकरा नंबरची जर्सी घातलेला हर्षद अतिग्रे अंग मोकळं करत होता आणि त्याच्या पोटरीतला ताण वर बसलेल्या सगळ्यांच्या पोटरीत उतरत होता.

"आयला दौलू, तुझ्या भाच्याची पोटरी आज लई ताठलीय रं," बापू निंबाळकर स्वतःचाच पाय चोळत म्हणाला.

"ताठली नाही, तापतेय. गप बस," दौलतराव साळोखे म्हणाले. मानेवरची पट्टी त्यांनी बोटानं नीट दाबून घेतली.

पट्टीचं खरं नाव सहवेदक. खेळाडूच्या मोज्यांत आणि जर्सीत केसापेक्षा बारीक संवेदक धागे विणलेले असायचे. स्नायूंचा ताण, काळजाची धडधड, दुखणं-खुपणं ते टिपायचे आणि प्रेक्षकाच्या मानेवरची नाण्याएवढी पट्टी ते सारं सौम्य करून त्याच्या मज्जातंतूंत सोडायची. खेळाडूला लाथ बसली की प्रेक्षकाला चिमटा. आपल्याला हवा तो खेळाडू निवडायचा आणि त्याच्या अंगानं सामना बघायचा. कोल्हापूरनं या पट्टीचं लगोलग 'टिकली' असं बारसं केलं होतं, आणि टिकली न लावता सामना बघणं म्हणजे तांबड्या रश्शाविना मटण, असं बापूचं मत होतं.

शेजार करंडकाची उपांत्य फेरी कोल्हापुरात होती. भारत आणि भूतान. घरचं पोरगं घरच्या मैदानावर खेळत असताना दुसऱ्या कुणाची टिकली कोण लावेल? अख्खं स्टेडियम त्या दिवशी हर्षदच्या अंगात शिरून बसलं होतं.

दौलतराव पूर्वी तालमींच्या फुटबॉल सामन्यांचे पंच होते. कोल्हापुरात तालमीच्या सामन्याला पंच होणं म्हणजे काय असतं ते दुसऱ्या गावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. एकदा त्यांनी स्वतःच्याच तालमीविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली होती. कुणीतरी भिरकावलेल्या दगडाची खूण अजून त्यांच्या भुवईवर होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. वडील गेल्यावर हर्षद त्यांच्याकडेच वाढला. मामांनी त्याला अंगणात पहिला धडा दिला होता तो असा, की लागलं नसेल तर लोळायचं नाही.

सामना संपत आला तरी एक-एक अशी बरोबरीच होती. हर्षद डावीकडून चेंडू घेऊन आत घुसला. दौलतरावांच्या छातीत त्याचा दम भरला. भूतानचा पाच नंबरचा बचावपटू केझांग घसरत आडवा आला, त्यानं चेंडू स्वच्छ काढून घेतला, आणि हर्षद उडून पडला. नडगी धरून विव्हळत तो गवतावर लोळला.

दौलतरावांच्या नडगीत काहीच झालं नाही.

चिमटा नाही, झिणझिण नाही, साधी मुंगीही चावली नाही. फक्त काळीज धडधडत होतं. चोरून आंबा तोडताना पोराचं धडधडावं तसं. ती धडधड त्यांची नव्हती, हर्षदची होती.

स्टेडियम क्षणभर चिडीचूप झालं. एवढ्या माणसांची एकदम वाचा बसावी असं दौलतरावांनी आजवर बघितलं नव्हतं. शेजारी बापू स्वतःच्या पायाकडे बघत होता. पुढच्या रांगेतल्या काकूंनी नडगीवरून हळूच हात फिरवला आणि मागं घेतला. सगळ्यांना कळलं होतं. मग वरून कुठून तरी आवाज आला, "पेनल्टी!" आणि बांध फुटला. सगळे उठले. बापू उठला. दौलतरावही उठले, आणि स्वतःच्या गळ्यातून निघालेली "पेनल्टी!" त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली.

मैदानावरच्या पंचानं टिकली लावायची नाही असा नियमच होता. त्यानं डोळ्यांना दिसलं ते खरं मानलं. पेनल्टी दिली, केझांगला लाल कार्ड दाखवलं. हर्षदनं गोल मारला. मग गुलाल, हलगी, नाचानाच. दौलतरावांच्या कपाळाला गुलाल फासला गेला आणि त्यांनी तो फासू दिला.

भूताननं तक्रार केली. पण निकाल द्यायचा कशावर? खेळाडूच्या अंगातले संदेश साठवून ठेवायचे नाहीत, असा खेळाडूंच्या संघटनेचा करार होता. ते क्षणात यायचे आणि क्षणात विरून जायचे. चित्रीकरणात पायाला पाय लागला की नाही ते नेमकं दिसत नव्हतं. साक्षीदार उरले ते फक्त हर्षदची टिकली लावून बसलेले. तेव्हा संयोजकांनी अशा प्रत्येकाच्या फोनवर प्रश्न धाडला : त्या क्षणी तुम्हाला वेदना जाणवली का? हो किंवा नाही. कुणी काय उत्तर दिलं ते गुप्त राहील. लोक 'हो' म्हणाले तर मुद्दाम पाय तोडायला गेल्याबद्दल केझांगवर दोन वर्षांची बंदी. 'नाही' म्हणाले तर सोंग केल्याबद्दल तेवढीच हर्षदवर.

"दाबलंस का न्हाई?" सकाळी बापूनं कट्ट्यावर बसता बसता विचारलं.

"दाबतो."

"त्यात विचार कसला करतोस? अरे, आपलं पोरगं हाय. सत्ताविसाव्या वर्षी दोन वर्षं घरी बसलं तर संपला की त्यो! भूतानवाल्यांचं भूतानवाले बघतील."

"बापू, खरं सांग. तुला दुखलं?"

बापूनं समोरच्या भिंतीकडे बघितलं. "मी 'हो' दाबलंय," तो म्हणाला, आणि चहा न घेताच उठून गेला.

दौलतरावांनी फोन हातात घेतला. दगड पडत असताना शिट्टी वाजवणारा हा माणूस, पण आता अंगठा उचलेना. आपण एकट्यानं 'नाही' म्हटल्यानं काय होणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आणि झालंच काही, तर हर्षदच्या आईला काय तोंड दाखवायचं? त्यांनी 'हो' दाबलं. फोननं साक्षीबद्दल आभार मानले. दौलतरावांना इतकी लाज वाटली, की त्यांनी तो पालथा घालून ठेवला.

संध्याकाळी निकाल लागला. जवळजवळ सगळेच 'हो' म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी हर्षद घरी जेवायला आला. अंतिम सामना दोन दिवसांवर होता. मामा-भाचे समोरासमोर बसून जेवले आणि दोघांनीही भाकरीवरून नजर उचलली नाही. हात धुतायत तोवर दारात रिक्षा थांबली आणि गल्लीत कालवा झाला, "भूतानचा पाच नंबर आलाय!"

केझांग चप्पल बाहेर काढून आत आला. तेवीस-चोवीसचा असेल. त्यांच्याकडे मानानं देतात तसं एक पांढरं रेशमी उपरणं त्यानं दोन्ही हातांनी हर्षदच्या गळ्यात घातलं आणि तो वाकला. संध्याकाळच्या विमानानं त्यांचा संघ परत चालला होता. जाण्याआधी माफी मागायची होती, म्हणून पत्ता विचारत आला होता.

"मला वाटलं होतं माझा पाय फक्त चेंडूला लागला," तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "रात्री प्रशिक्षकांशी मी भांडलोसुद्धा. पण एवढ्या माणसांना दुखलं. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? मलाच कळलं नसणार. मला माफ करा, दादा."

हर्षद मागच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं पाय आत ओढून घेतला.

"कुठं लागलं?" केझांगनं विचारलं. त्यानं खिशातून मलमाची डबी काढली होती. त्याच्या आईनं दिलेली, डोंगरातल्या मुळ्यांची. हर्षद नको नको म्हणत असताना तो खाली बसला, त्याचा पाय मांडीवर घेतला, आणि नडगीवर मलम चोळू लागला. नडगीवर ओरखडासुद्धा नव्हता. केझांगला तो सापडेना, म्हणून तो आणखी हळुवार हातानं शोधत होता. "सूज उतरलीय," तो समाधानानं म्हणाला.

दौलतरावांच्या मानेवर टिकली नव्हती. तरी त्यांची नडगी जळायला लागली.

डबी तिथंच ठेवून केझांग उठला, दौलतरावांच्या पाया पडला आणि बाहेर गेला. दारातली गर्दी बाजूला झाली.

हर्षद तसाच बसला होता, मलम लावलेला पाय पुढं करून. "मामा," तो म्हणाला, "पडलो तेव्हा एकदम सगळे गप्प झाले ना, तेव्हाच मला कळलं, माझी चोरी पकडली गेली. खरं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, आता सुटलो. आणि मग सगळे ओरडले."

"तू का नाही बोललास?"

"भ्यालो. म्हटलं, सगळं गाव खोटं बोललं तरी तुम्ही बोलणार नाही. तुमच्या एका 'नाही'चा धाक होता मला. आधारही होता." त्यानं मान वर केली. "तुम्ही 'नाही'च दाबलं ना, मामा?"

दौलतराव उभे राहिले. भाच्याकडे बघायची त्यांना हिंमत होईना. ते तसेच अनवाणी दारात आले. रिक्षा सुरू झाली होती. गल्लीभर माणसं उभी होती : बापू होता, पुढच्या रांगेतल्या काकू होत्या, आणि सगळ्यांनीच काय दाबलं होतं ते दौलतरावांना विचारायची गरज नव्हती. त्यांच्या मागं हर्षदही उंबऱ्यावर येऊन थांबला होता.

"थांब!" दौलतराव ओरडले. मैदानावरच्या जुन्या आवाजात.

गल्ली गप्प झाली. स्टेडियम झालं होतं तशीच.

केझांग रिक्षातून उतरला आणि हसत परत आला.

"काय झालं, काका?" त्यानं विचारलं. "काही राहिलं का?"