बाबांना दाढी आहे

विमान उतरायला जेमतेम वीस मिनिटं उरली होती, आणि खारूने सकाळपासून प्यायलेला सगळा संत्र्याचा रस आईच्या नव्याकोऱ्या मोरपंखी ड्रेसवर परत केला.

"झालं?" आईने विचारलं.

"अजून थोडं," खारू प्रामाणिकपणे म्हणाली... आणि तेही केलं.

खारू साडेतीन वर्षांची. पुढचे दोन दात जरा जास्तच उत्साही, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणत. तिची आई दातांची डॉक्टर. रडणारी मुलं, चावणारी मुलं, तोंडच न उघडणारी मुलं, सगळ्यांना ती पुरून उरली होती. पण आत्ता तिचेच डोळे भरून आले. हा ड्रेस तिने तीन दुकानं पालथी घालून शोधला होता. आज सात महिन्यांनी ती नवऱ्याला भेटणार होती.

खिडकीशेजारी एक आजी बसल्या होत्या. चाळीस वर्षं नर्स होते, असं त्यांनी विमान सुटतानाच सांगून टाकलं होतं. त्यांनी न विचारताच सूत्रं हातात घेतली. खारूचं तोंड पुसलं, आईचा ड्रेस पुसला, आणि पिशवीतून एक भला मोठा तपकिरी स्वेटर काढला.

"धरा. मापाची काळजी नको, मी नेहमी दोन माणसांच्या मापाचं घेते. घ्यायला कोण येणार आहे?"

"नवरा."

"मग रडता कशाला? तो काय स्वेटर बघणार आहे का?"

"कोण जाणे..." ती नाक पुसत म्हणाली. "आम्ही फोनवर भांडलोय."

भांडण तसं एका वाक्याचंच होतं. तिचा नवरा पूल बांधणारा इंजिनिअर. दूरच्या किनाऱ्यावर खाडीवरच्या पुलाचं काम चालू होतं आणि हे काम संपल्यावर पुढच्या पुलासाठी कंपनीने त्याला आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं. ते सांगताना तो म्हणाला होता, "तू काय, सगळं एकटीने निभावतेस. तुला माझी गरजच कुठेय?" कौतुकाने म्हणाला की टोमणा मारला, ते तिला कळलं नाही. "खरंय," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. त्याला नऊ दिवसांची सुट्टी मिळाली, त्याने समुद्राकाठी खोली घेतली, तिकिटं पाठवली. पण बोलणं मात्र विमानाच्या वेळा आणि खारूच्या खोकल्याच्या पुढे गेलं नाही.

"मग आता तोंडावर सांगा काय ते," आजी पट्टा आवळत म्हणाल्या. "फोनवर माणसाचं तोंड कुठे दिसतं हो? नुसतं नाक दिसतं."

बाहेर पडताना तिचा अवतार बघण्यासारखा होता. गुडघ्यापर्यंत स्वेटर, चार-चार घड्या घातलेल्या बाह्या, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात खारू. ती गर्दीत एक दाट काळी दाढी शोधत होती. दाढी कुठेच नव्हती. एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस मात्र जोरजोरात हात हलवत होता. त्याचं कपाळ उन्हाने रापलेलं आणि हनुवटी अगदी पांढरीफटक, जणू दोन माणसांचे चेहरे जोडलेले.

तीन सेकंद तिनेही ओळखलं नाही. मग तिने बॅग खाली ठेवून केस सारखे केले... लग्नाआधी करायची, अगदी तसेच.

"हे काय घातलंयस?" तो म्हणाला.

"हे काय काढलंयस?" ती म्हणाली.

दोघंही हसले. तो घाईघाईने गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात पसरले. "खारूताई!"

खारू स्वेटरच्या मागे गेली. "हे बाबा नाहीत. बाबांना दाढी आहे."

"अगं, मीच आहे! मी दाढी काढली. आईला आवडेल म्हणून..."

खारूचा खालचा ओठ थरथरायला लागला. त्याचे पसरलेले हात तसेच हवेत राहिले. सात महिने तो या एका क्षणाची वाट बघत होता, हे आईला त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. आता हा मुलीला जबरदस्तीने उचलणार आणि ही विमानतळ डोक्यावर घेणार, असं तिला वाटलं.

पण तो उठला. गुडघे झटकले. अदबीने वाकून म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. मी बाबांचा ड्रायव्हर. त्यांनी तुम्हाला आणायला पाठवलंय."

ओठ थांबला. "बाबा कुठे आहेत?"

"दाढी विंचरतायत. वेळ लागतो हो, बरीच आहे."

खारूला हे पटलं.

त्यामुळे गाडीत आई मागे बसली, खारूशेजारी, आणि नवरा पुढे एकटा. बाहेर ऊन होतं आणि त्या उन्हातच बारीक पाऊस चालू होता. काचेवरचे थेंब पुसले जात होते आणि पुन्हा जमत होते. आरशात तिला त्याचे फक्त डोळे दिसत होते. ते डोळे काही बदलले नव्हते... लबाड ते लबाडच.

"मॅडम, स्वेटर छान आहे. सध्याची फॅशन का?"

"समोर बघून चालवा."

"समोरच बघतोय. आरसाही समोरच आहे ना."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं, पण हसू लपलं नाही.

"साहेबांनी बजावलंय," तो म्हणाला, "मॅडमना अगदी जपून आण."

"असं? साहेबांना तर वाटतं, मॅडमना त्यांची गरजच नाही."

काचेवरून दोनदा वायपर फिरला.

"असं म्हणाले ते?"

"अगदी असंच."

"जरा... कमीच आहेत हो आमचे साहेब. दिवसभर काँक्रीटमध्ये राहून डोकंही तसंच झालंय. पण एक सांगू? त्या दिवशी तुम्ही फोन ठेवलात ना, ते जेवले नाहीत."

"आणि मॅडम जेवल्या असतील, असं वाटलं का त्यांना?"

"आई जेवली होती," खारू मधेच म्हणाली. "माझा भातपण संपवला."

तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. ती आधी रागावली, मग तिलाही राहवेना. खारूला कळेना की भाताचं एवढं काय.

खोलीवर पोचल्यावर खारूने सगळीकडे बाबांना शोधलं. कपाटात, पलंगाखाली, न्हाणीघरात. आईने तिला फोनमधले फोटो दाखवले. तिने फोटो आणि माणूस शेजारी शेजारी धरून नीट तपासले. "यांना आहे. यांना नाही," असा निकाल दिला. ड्रायव्हरकाकांनी कापलेलं सफरचंद खाल्लं, त्यांच्या पाठीवर बसून घोडा घोडा केलं, आणि झोपायच्या वेळी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही आता तुमच्या घरी जा."

काकांची रवानगी बाहेरच्या सोफ्यावर झाली. जाता जाता त्यांनी मॅडमकडे असं काही केविलवाणं पाहिलं की मॅडमनी उशी तोंडावर दाबून हसू आवरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाळूवर गेले. त्याने एक खड्डा खणला आणि बर्फाच्या गोळ्यांच्या काड्या गोळा करून त्याच्यावर पूल बांधायला घेतला. बांधताना तो घरी असायचा तसाच झाला. जीभ बाहेर, भुवया जवळ, आजूबाजूचं भान नाही. खारू त्याच्या समोर उकिडवी बसून बघत होती. बराच वेळ. मग तिने मूठभर ओली वाळू उचलली आणि त्याच्या हनुवटीवर थापली.

तो हलला नाही.

तिने आणखी थापली. गालांवर, ओठांवर, कानापर्यंत. त्याच्या तोंडात वाळू जात होती, तरी तो डोळे मिटून गप्प बसून राहिला. मग खारू दोन पावलं मागे गेली आणि मान तिरकी करून तिने काम तपासलं.

"बाबा," ती म्हणाली. आणि मग जरा रागावूनच, "एवढा वेळ कुठे होतास?"

त्याने वाळूने भरलेलं तोंड तिच्या पोटात खुपसलं, आणि गुदगुल्या झाल्या म्हणून ती किंचाळत राहिली. चटईवर बसलेली आई उगाचच समुद्राकडे बघत बसली. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी खारू झोपली, एक हात बाबाच्या शर्टावर टाकून. तो हात अलगद सोडवून तो बाल्कनीत आला. ती चहा घेऊन बसली होती.

"कंपनीच्या दोन वर्षांच्या करारावर सही करायची मुदत सोमवारी संपते," तो म्हणाला.

"मग कर."

"करू?"

ती चहा ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती. "ड्रायव्हर होतास तेव्हा जास्त खरं बोलत होतास."

"बोलावू त्याला?"

"नको. तूच बोल."

त्याने एक मोठा श्वास घेतला. "मला थांबायचं नव्हतंच गं. वाटलं, तू म्हणशील, नको थांबूस. सात महिन्यांत तू एकदाही म्हणाली नाहीस की परत ये."

"तू विचारलंस कधी?"

"हे काय विचारायचं असतं?"

"आणि हे काय सांगायचं असतं?" तिने चमचा बशीत टाकला. "नळ मी दुरुस्त करते. खारूला ताप आला की जागते. जमतं मला सगळं. पण दवाखान्यात एखादी गंमत झाली की पहिल्यांदा वाटतं, तुला सांगू. संध्याकाळी फोन लागेपर्यंत ती शिळी झालेली असते... मग मी सांगतच नाही. अशा किती गमती राहिल्यात माहितेय तुला?"

त्याची खुर्ची तिच्या खुर्चीला येऊन लागली.

"परत ये," ती पुटपुटली.

"काय?"

"ऐकलंस तू."

"खरंच नाही. लाटांचा आवाज बघ ना किती..."

"परत ये!" ती ओरडली.

शेजारच्या बाल्कनीत टॉवेल वाळत घालणारे एक जाडसर गृहस्थ दचकले. त्यांनी वाकून या दोघांकडे पाहिलं. "अहो, एवढं म्हणतायत तर जा की परत!"

"जातो, जातो," तो हात जोडून म्हणाला. ती लाजेने स्वेटरएवढ्या लांब बाह्या नसल्याचं दुःख करत ओंजळीत तोंड लपवून बसली.

"पूल चार महिन्यांत पुरा होईल," तो हळूच तिच्या कानाशी म्हणाला. "तेवढा जोडतो आणि येतो. चालेल?"

"चार म्हणजे चार."

त्याने खिशातून फोन काढला आणि कंपनीतल्या साहेबांना निरोप लिहिला. पाठवायच्या आधी तिच्यासमोर धरला. काम पूर्ण झाल्यावर मला बहुधा पुढे थांबता येणार नाही, असं लिहिलं होतं.

तिने तो दोनदा वाचला. मग फोन त्याच्या हातातून घेतला, त्यातला 'बहुधा' तेवढा खोडला, आणि पाठवून दिला.