टेलरमास्तरनं कापलेली दोरी

मोबाईल बाजूला ठेव रे आधी. आणि तू दाराकडे पाठ करून बसू नकोस, मला उगाच तुझ्या मागचं दिसत राहतं. हां, आता ऐका. ही काही ऐकीव गोष्ट नाही. त्या टेलरमास्तरच्या दुकानात मी रोज बसायचो.

मास्तरचा जन्म गेला शिलाई मशीनसमोर. पोट सुटलं, साखर वाढली. डॉक्टरनं खडसावलं, "चाला, नाहीतर पाय गमवाल." बाहेर चालायची याला लाज! म्हणून घरात चालायचं मशीन, तुमचं ते ट्रेडमिल, जुनं घ्यायचं ठरलं. टेम्पो घेऊन आणायला मीच गेलो होतो त्याच्याबरोबर. तिसऱ्या मजल्यावरून ते धूड उतरवताना माझी कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही.

मशीनला एक लाल दोरी होती. एक टोक मशीनच्या चावीला, दुसऱ्या टोकाचा चिमटा आपल्या सदऱ्याला. माणूस पडला की दोरीला हिसका बसतो, चावी निघते आणि पट्टा थांबतो. विकणारी बाई दोनदा म्हणाली, "दादा, दोरी लावल्याशिवाय चालवू नका. घरात लहान मूल असेल तर घेऊच नका." मास्तरनं हो हो म्हणत मान डोलावली. घरी चार वर्षांची नात होती. तिला लाडानं गुंडी म्हणायचा. आजोबांचा जीव की प्राण.

आणि दुसऱ्याच दिवशी या शहाण्यानं दोरी कापली! का? तर लोंबत होती म्हणून. टेलरला लोंबता दोरा दिसला की हात कात्रीकडे जातोच. मी चांगलंच झापलं त्याला. तर म्हणतो कसा, "अरे, चावी आहे ना जागेवर!"

पुढचं मास्तरनं स्वतः मला सांगितलं, तसंच सांगतो. शनिवारची रात्र होती. शाळेच्या गणवेशांची घाई, त्यामुळे दुकान बंद करून घरी पोचायला पावणेबारा वाजले. सगळे झोपलेले. कुणाची झोपमोड नको म्हणून मास्तर दिवा न लावताच मशीनवर चढला.

थोडा वेळ बरं चाललं. मग मागे पावलं वाजली. पट्ट्यावरच. याची जड... आणि त्यांच्या मागून हलकी, अनवाणी. वळून पाहिलं तर कोणी नाही.

मग सदरा ओढला गेला. जिथं चिमटा लावतात, तिथंच.

पुन्हा ओढला.

मास्तर घाबरून बाजूला उतरला. शिलाई मशीनवरून पाय काढला की ते थांबतं. हे थांबलं नाही. पट्टा फिरत राहिला... आणि मशीनवरच्या आकड्यांच्या मिणमिण उजेडात दिसलं, दारात गुंडी उभी. आजोबांकडे ती बघतच नव्हती. मशीनच्या मागच्या टोकाकडे बघून हसली.

"थांब, आले मी," म्हणाली.

मशीनच्या मागे येऊन खाली बसली. पट्टा जिथं आत जातो ना, तिथं हात पुढे केला...

मास्तर दोरीकडे झेपावला. हाताला नुसतं कापलेलं टोक लागलं, ओढायला चिमटीतही न येणारं. बटण दाबलं. थांबेना. तसाच पोरीकडे धावला.

आणि पोरीचा हात हवेत अडकला. पट्ट्यापासून बोटभर. मनगट कुणीतरी धरल्यासारखं.

पट्टा थांबला.



मग गुंडी किंचाळली. दिवे लागले, घर जागं झालं. तिच्या मनगटावर भाजल्यासारखे वळ होते. अंगठ्याचा एक, बोटांचे दोनच. इवल्याशा हाताचे.

सकाळी मास्तरनं त्या बाईला फोन लावला. एवढंच म्हणाला, मशीन परत घेऊन जा. वळांचं नावही काढलं नाही. मग बाईनं विचारलं, "अंगठा आणि दोनच बोटं ना?"

मास्तरनं वळून गुंडीच्या मनगटाकडे पाहिलं.

"माझी मुलगी... त्याच पट्ट्यात..." एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवला.

मशीन त्याच दिवशी भंगारात गेलं. गुंडीला कुणी आत ओढत होतं, की मागे धरून ठेवत होतं? मला नका विचारू. मास्तर तेच विचारत रात्र रात्र जागा असायचा. मी त्याची समजूत काढायचो, "अरे वाचवलं तिनं तुझ्या पोरीला. आईनं बजावलं होतं, लेकीनं निभावलं." मलाही ते खरं वाटायचं.

परवा गुंडी दुकानात आली होती. आता शाळेत जाते. नव्या गणवेशाचं माप द्यायला तिनं बाही वर केली. मनगट अगदी स्वच्छ होतं.

वळ कोपराच्या वर सरकलेत.