मनगटाचं माप

वडिलांच्या आजारपणात उशापायथ्याशी ती होती. शुद्धीत असेपर्यंत ते मात्र भावालाच हाक मारत राहिले, आणि ते गेल्यावर कपाटाच्या किल्ल्याही भावाच्याच खिशात गेल्या. तिने फक्त घड्याळ मागितलं. जाड पोलादी पट्ट्याचं, वडील अंघोळीपुरतंच काढायचे ते.

तिने हात वर केला तसं ते घसरत थेट कोपरापाशी गेलं.

"तुझ्या हातात काय मावणार आहे?" भाऊ म्हणाला. "बघ कमी करून. नाहीच बसलं तर परत आण, मी घालीन. माझं मनगट बाबांसारखंच आहे."

"मनगटच तेवढं," वहिनी पुटपुटली आणि आत निघून गेली.

घड्याळजीचं दुकान एका जिन्याखाली होतं, बसलं तर डोक्याला पायरी लागेल असं. म्हाताऱ्याने डोळ्याला भिंग लावलं, पट्टा ठोकळ्यावर आडवा धरला आणि बारीक हातोडीने पिना ठोकून काढायला सुरुवात केली. कडी सुटली की सांध्यात काळपट थर दिसायचा.

"घासून देऊ?"

"नको."

"मळ आहे हो ताई. घामाचा, कातडीचा."

"माहीत आहे. असू दे."

त्याने खांदे उडवले. दोन्ही बाजूंच्या सारख्या कड्या काढल्या, म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर खाली येतं. पट्टा जोडून तिच्या हातात चढवला.

"करंगळी जाईल एवढी जागा सोडायची. जास्त सोडली तर फिरतं, कमी सोडली तर चावतं."

लॉक लागेना. दोन टोकांत चांगलं बोटभर अंतर राहत होतं.

"वय झालं माझं," तो हसला. "नजर गेली, आता मापही गेलं." त्याने एक कडी परत घातली. लॉक लागेना. आणखी एक घातली. मग हसणं थांबलं. तिचं मनगट त्याने कागदाच्या पट्टीने मोजलं, पट्टी पट्ट्याला लावून पाहिली. पट्टा मोठाच होता.

शेवटची कडी परत बसवली तेव्हा लॉक टक् करून लागलं.

आता पट्टा मुळात होता तेवढाच होता. तिचं मनगट त्याच्या मधोमध, आणि भोवती सगळीकडून सारखी मोकळी जागा. खालचं टेबल त्यातून दिसत होतं.

तिने हात वर केला. घड्याळ घसरलं नाही.

हात झटकला. हललंसुद्धा नाही.

म्हाताऱ्याने सवयीने करंगळी त्या फटीत घालायला नेली. ती कशाला तरी टेकली आणि थांबली. त्याने जरा जोर दिला, मग बोट काढून घेतलं आणि शर्टाला पुसलं.

"ऊबदार आहे," तो म्हणाला.

भावाचा फोन आला. "काय गं, बसलं का?"

"बसलं."

"खरंच? कमी किती केलं?"

"नाही करावं लागलं." तिने फोन ठेवला.

म्हातारा खाली बघून हत्यारं डब्यात भरत होता. ती हाताकडे बघत राहिली. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "बाबा, चुकीच्या हातात आलात तुम्ही. दादा घरी आहे."

तिने लॉक उघडलं, घड्याळ काढून काचेवर ठेवलं. "राहू दे तुमच्याकडे. भाऊ येऊन घेऊन जाईल." म्हाताऱ्याने मान हलवली. घड्याळाला हात मात्र लावला नाही.

ती जिन्याखालून वाकून बाहेर आली. रस्त्यावर स्वच्छ ऊन होतं. चालता चालता तिने दुमडलेली बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावायला घेतलं.

काज बटणापर्यंत पोचेना.