पिंपातली हिरवी आग

“अरे, आग आहे ती, कोथिंबिरीची जुडी नव्हे!” मिरचीनं ढब्बूच्या हातातला ब्रश हिसकावला.

“मग तूच रंगव की, शहाणे!”

मिरची सुट्टीत मावशीकडे आली होती आणि ढब्बू हा मावशीचा मुलगा. दोघं सतत बरोबर असत, म्हणून सगळी इमारत त्यांना एका दमात ‘ढब्बू मिरची’ म्हणायची! रविवारी टेबलावरच्या लढाईच्या खेळाची स्पर्धा होती. बोटभर उंचीचे सैनिक आणि प्रत्येकाच्या पायाखाली बाटलीच्या झाकणाएवढी चकती. सेनापतीच्या चकतीवर त्यांना रसायनाचं पेटलेलं पिंप दाखवायचं होतं. तारेवर कापूस ताणून, गोंद लावून ज्वाळा तयार होत्या. अडलं होतं ते रंगापाशी.

“गाभा सगळ्यात उजळ ठेवा, टोकं गडद,” मावशी म्हणाली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. “आणि हिरवी आग हवी ना? मग पिंपात तांबं आहे असं समजा. तांब्यानं ज्वाळेच्या कडा हिरव्या-निळ्या होतात.”

मिरचीनं रंग कालवता कालवता खिडकीतून खाली पाहिलं आणि तिचा हात थांबला. खाली भंगारवाल्याचं आवार होतं. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पिंप पेटलं होतं आणि त्याच्या ज्वाळांच्या कडा हिरव्या दिसत होत्या. काळा धूर भिंतीपलीकडच्या पाळणाघरावर चालला होता.

“ढब्बू, तो काय जाळतो रे?”

“पालापाचोळा. पाळणाघरातली पोरं खोकतात म्हणून तिथल्या ताई दोनदा भांडून आल्या. तो म्हणतो, वाळकी पानं आहेत.”

“पानं? या गल्लीत झाड तरी आहे का?”

ढब्बूनं डोकं खाजवलं. “आहे ना. शिंपीकाकांच्या कुंडीत!”

दोघं धावतच खाली गेली. भंगारवाला फाटकातच आडवा उभा राहिला.

“काका, आम्हाला आगीचं चित्र रंगवायचंय. जवळून बघू?”

“त्यात काय बघायचंय? लाल-पिवळं रंगवा, झालं! पळा इथून.”

बोलताना तो हळूच सरकला आणि मागचा ताडपत्रीनं झाकलेला ढीग त्यानं अंगाआड केला. मिरचीच्या नजरेतून ते सुटलं नाही. याच्या बोलण्यात कुठेतरी पाणी मुरतंय!

दोघांनी वर येऊन सांगितलं, पण तो पानं जाळत नाही हे मावशीला आधी पटेना. “उगाच कुणावर आळ घेऊ नये गं.” पण खिडकीतून तिनं स्वतः ज्वाळा पाहिल्या आणि सरळ अग्निशमन दलाला फोन लावला.

अधिकारी आले तोवर पिंप विझलं होतं. वर वाळक्या पानांचा थर, शेजारी पानांचं पोतं! कुठून आणलं कोण जाणे.

“बघा साहेब,” भंगारवाला साळसूदपणे म्हणाला, “पोरांच्या नादाला लागून तुम्हाला हेलपाटा.”

अधिकाऱ्यांनी त्याला दटावलं, “पानंसुद्धा जाळायची नाहीत,” आणि ते निघाले. मिरची घुटमळली. आपलं चुकलं असेल तर? मावशीची शोभा होईल! पण भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि ती पुढे झाली.

“साहेब, एक मिनिट! काकांना तीच पानं याच पिंपात पेटवून दाखवायला सांगा ना. तुम्ही आहातच.”

“हात्तिच्या! एवढंच?” भंगारवाला हसला. अधिकाऱ्यांनी विझवायचं नळकांडं हाताशी घेतलं आणि मान डोलावली. त्यानं ऐटीत काडी ओढली.

ज्वाळा उठली ती पिवळीधमक.

“झालं समाधान?” तो म्हणाला. ढब्बूनं मिरचीचा हात घट्ट धरला.

पानं खाली बसत गेली, आग तळाशी पोहोचली, आणि एकदम कडांवर हिरवी झाक नाचू लागली!

“साहेब, हे तांबं!” मिरची ओरडली. “पानांत तांबं कुठून येणार?”

अधिकाऱ्यांनी फवारा मारून आग विझवली आणि ताडपत्री ओढली. खाली विजेच्या जुन्या वायरींची भेंडोळी!

“सोलत बसायला वेळ कुणाला आहे, साहेब?” भंगारवाला पुटपुटला. “वरचं प्लॅस्टिक जाळलं की तांबं मोकळं होतं...”

“आणि तो विषारी धूर तान्ह्या पोरांच्या छातीत जातो!” अधिकारी गरजले. त्यांनी तिथल्या तिथे आवाराला टाळं ठोकलं. पलीकडे पाळणाघराच्या ताईंनी धडाधड सगळ्या खिडक्या उघडल्या.

मग हकिगत लिहून घ्यायला अधिकारी वर आले आणि हिरव्या ज्वाळेची ती अर्धी रंगवलेली चकती डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

“आमच्याकडे नवीन जवान भरती झालेत. आगीचा रंग आधी बघा, मग पुढे व्हा, हे सांगून सांगून घसा बसतो माझा. ही चकती द्याल त्यांना दाखवायला?”

“रविवारनंतर!” दोघं एकदम म्हणाली.

“पोरांनो,” मावशी म्हणाली, “माझ्या वर्गातली मुलं वर्षभर शिकूनही खिडकीबाहेर बघत नाहीत. तुम्ही बघितलंत.”

मिरचीनं हिसकावलेला ब्रश ढब्बूच्या हातात परत दिला. “घे, आता टोकं तू रंगव!”