उतरलेला पंचम

मामानं बनवलेला शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर पोटाशी धरून मापाडी जिना चढली, तेव्हा जिन्यावर दुपारचं लख्ख ऊन होतं आणि भीती वाटावी असं आसपास काही नव्हतं. पेटी मात्र भलतीच जड होती. हलका माणूस आणि हलका अ‍ॅम्प्लिफायर आपल्याला चालत नाही, असं मामा ऐटीत सांगायचा, आणि उचलायची वेळ आली की नेमकी त्याची कंबर धरायची.

मापाडी हे नावही त्यानंच ठेवलेलं. भाचीचा धंदाच तसा होता. लोक महागडे कन्व्हर्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर तिच्याकडे पाठवत. ती ते आपल्या यंत्राला जोडून, मूळ आवाजात या पेट्या पदरचं काय मिसळतात ते आलेखावर काढून दाखवायची. तिच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर दिवसभर पूर्ण जोरात चालत, पण ऐकू काही म्हणजे काही यायचं नाही. स्पीकरच्या जागी जाडजूड रेझिस्टर लावलेले असत. ते मुकाट्यानं तापत राहायचे. मामा त्यांना 'मुके जावई' म्हणायचा.

मामाची प्रत्येक पेटी या खोलीत आली होती आणि प्रत्येकीत मापाडीला एखादी आगाऊ रेघ सापडली होती. कधी विजेची गुणगुण, कधी कसली तरी कुरकुर. मग मामा भडकायचा. "तुझा डबाच खोटारडा आहे," म्हणायचा, तिच्या हातचा चहा पिऊन जायचा आणि पुढच्या पेटीला लागायचा. निर्मळ आलेखाची एवढी एकच हौस त्याची राहिली होती. या शेवटच्या पेटीचं झाकण त्यानं लावलं, आणि ती इकडे आणायच्या आत तो गेला.

सकाळी मामीचा फोन आला होता. "मोज, आणि असेल ते खरं सांग. माझं मन राखायला जाऊ नकोस. संध्याकाळी येते मी."

म्हणून मापाडीनं आज आयुष्यात पहिल्यांदा मनातून मागितलं, की आपल्याला काही सापडू नये.

या पेटीत कन्व्हर्टरही होता. म्हणजे आत आकडे घालायचे, बाहेर आवाज काढायचा. तिनं सगळ्यात कठीण परीक्षा आधी घेतली. आत नुसती शून्यं सोडली. शून्यातून काही निघता कामा नये. पडद्यावर तळाशी बारीक सरसर उमटली, ती तिच्या यंत्राची स्वतःची, रोजच्या ओळखीची. बाकी सगळं सपाट होतं. तिला आनंदानं हसूच फुटलं.

तेवढ्यात एक रेघ वर आली.

बाहेरचं काही शिरलं असेल म्हणून तिनं दिवे घालवले, मोबाइल जिन्यात ठेवून आली, शेजारच्या शिंप्याला जाऊन इस्त्री बंद करायला लावली. रेघ होती तिथेच होती. विजेची गुणगुण असती तर ती एका जागी खिळून राहिली असती. ही मात्र हलायला लागली. वर सरकली, थांबली, पुन्हा खाली आली... फिरून वर गेली. सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी.

खोलीत वायरी जोडायला डाग देताना येतो तसा राळेचा वास भरला. मापाडीच्या टेबलावर डाग द्यायचं काही नव्हतंच. खिडक्या बंद होत्या आणि तिच्या मानेवर गार वारा येत होता.

तिनं हेडफोन चढवले. आवाज वाढवत नेला. आधी नुसती फसफस. मग त्या फसफशीच्या पार तळाशी कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत होतं...

तिनं हेडफोन ओढून काढले. डाग देताना मामा असाच गुणगुणायचा, ओठांत तार धरलेली असायची म्हणून तोंड मिटून. पण गुणगुणणारी माणसं काय, पुष्कळ असतात. मापाडी अशी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी नव्हती. घाबरत घाबरत का होईना, तिनं मोजलं.

सा दोनशे हर्ट्झवर होता. त्या हिशेबानं पंचम तीनशेवर यायला हवा. रेघ दरवेळी वर जायची आणि दोनशे चौऱ्याण्णववर जाऊन बसायची.

"मामा..." ती पुटपुटली. सगळ्या घराला ठाऊक होतं ते. मामाचा पंचम उतरायचा.

दार वाजलं आणि ती जागची उडाली. मामी होती. गाणं शिकवून थेट आलेली, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर घाम. काळोख्या खोलीत तिनं एकदा वास घेतला आणि ती दारातच थांबली.

"काय सापडलं?"

"मामी, तू आधी बस."

"बसते. सापडलं काय ते सांग."

मापाडीनं हेडफोन पुढे केले. मामीनं ते कानाला लावले, डोळे मिटले. तिच्या गालाचा एक स्नायू तेवढा हलत होता. मापाडीला वाटलं, आता ही कोसळणार.

"अहो," मामी एकदम म्हणाली. आवाज अगदी रोजचा, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा. "साती सुरांत न हलणारा म्हणून पंचमाचं नाव. तुमचाच तेवढा कसा हलतो? चढवा जरा."

पडद्यावरची रेघ थबकली. मग लाजत लाजत वर सरकली. दोनशे शहाण्णव... अठ्ठ्याण्णव... तीनशे. तिथे ती स्थिर राहिली, मापाडीनं श्वास रोखून धरला होता तितका वेळ आणि त्याच्याही पुढे. आणि विझली.

आलेख निर्मळ झाला. तळाशी यंत्राची सरसर, बाकी काही नाही. मापाडीनं पुन्हा पुन्हा मोजलं. इतकी स्वच्छ पेटी तिच्या टेबलावर कधी आली नव्हती.

"जिंकला गं तो," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही.

मामी आधीच हसत होती, पोट धरून, डोळे पुसत. "जन्मभर सांगत होते. एकदा ऐकलं म्हणायचं." मग तिनं पेटीवर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि म्हणाली, "हिला घरी नेते. रोज लावीन." दोघींनी मिळून पेटी खाली नेली, कंबर धरते म्हणून एकमेकींना चिडवत. मामी टॅक्सीत बसताना नव्या नवरीसारखी खूश होती.

मापाडी शीळ घालत वर आली. काम आवरताना यंत्राची स्वतःची तपासणी करायची तिची पद्धत होती. सगळ्या वायरी काढायच्या, यंत्राचं तोंड बुचानं बंद करायचं आणि नुसत्या यंत्राला मोजायचं. तिनं बूच लावलं. पडद्यावर ओळखीची सरसर उमटली.

आणि तिच्यातून एक रेघ वर आली.

राळेचा वास आता अगदी जवळून येत होता. रेघ चढली, उतरली, पंचमापाशी येऊन थांबली. दोनशे चौऱ्याण्णव. जन्मभर ज्याला खोटारडा म्हटलं, त्याच डब्यात मामा राहायला आला होता. यापुढे कुणाचीही पेटी जोडली तरी... मापाडीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी तिला हसू आवरेना.

"मामा," ती हळूच म्हणाली, "चढव की."

रेघ जराशी हलली. मापाडी पडद्याजवळ वाकली.

दोनशे त्र्याण्णव.