संध्यातारा सोसायटीची घसरगुंडी

सन २०६१ मध्ये मानवजातीने बालकांना कायमचं सुरक्षित केलं. म्हणजे कोळपूर जिल्ह्यापुरतं. म्हणजे नकाशावर.

नोंदणी कार्यालयात हणमंत खरमाटे पँटचा पाय वर करून बसले होते. वय अडुसष्ट. घोट्यावर अंतरकडी. लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाव गेलं की पायात बसणारं आणि माणूस कुठे आहे ते सतत कळवणारं हे यंत्र. मुलं जमतात त्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत कडीवाल्याने राहायचं नाही, असा कायदा. अशा जागा माणसांनी ठरवल्या तर वशिला चालतो, म्हणून ते काम उपग्रहाकडे होतं. झोपाळा, घसरगुंडी असे आकार तो वरून ओळखायचा आणि भोवती तांबडं वर्तुळ काढायचा.

"पण मी केलं काय, मॅडम? तेहतीस वर्षांपूर्वी बस थांबली, भिंतीआड लघवीला उभा राहिलो. भिंत शाळेची निघाली!"

"अंगप्रदर्शन," डॉ. मृणाल चाफेकर म्हणाल्या. ही सगळी यंत्रणा त्यांनीच रचली होती. "कायद्याला जुन्या नोंदीही चालतात, काका."

"आणि पेपरात फोटो आलेला तो नराधम?"

"त्याने कडी कापली. कुठे आहे, माहीत नाही. त्यामुळे नकाशावर त्याचा काही त्रास नाही."

त्यांनी पडदा फिरवला. जिल्हा लालभडक. मध्ये एक पांढरा ठिपका.

"खडीची बंद खाण. सहापर्यंत पोचा. एकशे बारा जण आहेत तिथे, सोबत होईल."

"अहो, बायकोला दिसत नाही! सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन मी टोचतो. तिला काय खाणीत नेऊ?"

चाफेकरबाईंनी चष्मा पुसला. "तुमचं घर एकाच वर्तुळात आहे. सोसायटीतली घसरगुंडी हलली, की सुटलात."

"आत्ता उपटतो! मीच तर बसवली..." खरमाटे थांबले. "सेक्रेटरी होतो. असली माणसं आसपास नकोत म्हणून. सगळ्याच सोसायट्यांनी बसवल्या. आमच्या बायका तिच्यावर कुरडया वाळवतात."

"उपटू नका, तो गुन्हा आहे. खेळणाऱ्या मुलांच्या निम्म्या पालकांची लेखी संमती आणा."

"मुलंच नसली तर?"

"तर संमती देणार कोण?"

"मग ते मुलांचं ठिकाण कसं हो?"

"आकारावरून," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खाली बघितलं.

पाचला खरमाटे घरी शेजारच्या नलूला सुई धरायला शिकवत होते. कडी घोट्यावर गुरगुरत होती.

"आज सुई हिच्या हातात का हो?" शकुंतलाबाईंनी दंड पुढे करत विचारलं.

"नवीन आहे. जमेल," खरमाटे म्हणाले आणि पिशवी उचलली.

नलू ही संध्यातारा सोसायटीतली सर्वांत लहान रहिवासी. वय त्रेसष्ट.