कलतं कारंजं

आमच्या आरमाराला शत्रू ‘कोळ्यांचं आरमार’ म्हणून हसायचा. हसू दे. लोखंडी बोटींची जिथं जायची छाती होत नव्हती, त्या वोन्सानच्या खाडीत आमच्या लाकडी नावा रोज सकाळी जायच्या. समुद्रात पेरलेले सुरुंग वेचायच्या आणि बेटावरच्या आपल्या शिपायांना तांदूळ नि दारूगोळा पोचवायच्या. दोन नावा एकामागोमाग निघत. पुढची वाट साफ करी, मागची माल नेई. धुकं पडलं की पुढची नाव लांब दोरानं एक पिंप पाण्यातून ओढायची. पिंपामागं कारंजं उडायचं, आणि मागच्यानं नाकासमोर तेवढं धरून चालायचं.

पुढची नाव माझ्या दादाची. तिचं पिंप मूळचं तांदळाच्या दारूचं, एक फळी तुटलेलं, म्हणून कारंजं कायम डावीकडं कलायचं. “पिंपाची अजून उतरली नाही वाटतं,” असं आमचा सुकाणूवाला माएंग म्हणायचा. मागच्या आठवड्यात ती नाव सुरुंगावर गेली. कुणाचं प्रेतसुद्धा हाती लागलं नाही.

त्या सकाळी बेटावरून निरोप आला, दारूगोळा संपत आलाय, संध्याकाळपर्यंत तग धरणं अवघड आहे. वाट साफ करायला दुसरी नाव नव्हती. कप्तान प्यो म्हणाले, “आपणच जाऊ. कुणाला उतरायचं असेल तर आत्ता उतरा.” एकही माणूस हलला नाही. ते आठवलं की आजही छाती भरून येते.

अर्ध्या वाटेत धुकं आलं. दमट, कुजक्या शेवाळाच्या वासाचं. मी नावेच्या टोकावर पालथा पडून सुरुंग दिसतोय का ते पाण्यात बघत होतो. तेवढ्यात पुढून घुळघुळ असा आवाज यायला लागला.

“कप्तान... पुढं कारंजं आहे.”

“पुढं कुणी नाहीये रे, सोक.”

“आहे... डावीकडं कललंय.”

कप्तान माझ्याशेजारी येऊन वाकले. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, “तुझा भाऊ आपल्या माणसांना कधी चुकीच्या वाटेनं नेणार नाही. माएंग... धर त्याच्या मागं.”

मध्येच कारंजं उजवीकडं वळलं. नकाशात तिथं वाट सरळ होती. आम्ही वळलो, आणि डाव्या अंगानं शिंगं फुटलेला काळा सुरुंग डुलत डुलत मागं गेला. भीतीनं माझे दात वाजत होते आणि तरी अभिमानानं ओरडावंसं वाटत होतं. मेला तरी दादानं काम सोडलं नव्हतं!

धक्का दिसला तेव्हा पुढं नुसतं पाणी होतं. पेट्या उतरल्या, बेट वाचलं. बेटावरचा हवालदार मला म्हणाला, “तुमच्या पुढच्या नावेची माणसं आधीच पोचली. चिंब भिजली होती बिचारी. आत तंबूत जेवायला बसवलीत.”

तंबूत कुणी नव्हतं. भाताचे वाडगे ओळीनं मांडलेले, वाफाळते. प्रत्येक भातात चमचा उभा रोवलेला. आमच्यात जिवंत माणूस असा चमचा रोवत नाही, तो फक्त पितरांच्या भातात रोवतात.

“आम्ही नाही हो रोवले...” हवालदाराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कप्तानांनी टोपी काढली आणि ताठ उभं राहून सलाम केला. आम्ही सगळ्यांनीच केला.

ओळीच्या शेवटी एक वाडगा निराळा होता. त्याचा चमचा बाजूला आडवा ठेवलेला होता.

“तो... त्यांच्यातल्या एकानं मागून घेतला,” हवालदार पुटपुटला. “म्हणाला, धाकटा मागून येतोय, त्याचंही वाढून ठेवा.”